समुद्र किती पायऱ्यांवर?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, की आमच्या घरात एक विषय हमखास निघतो. या थंडीत कुठे जायचे? विषय निघतो दुपारच्या चहाला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचे रीतसर भांडण झालेले असते. ह्यांना डोंगर हवा असतो, मुलांना समुद्र हवा असतो, आणि मला कुठेही चालते. फक्त तिथे चार दिवस दुसऱ्या कुणी केलेला चहा मिळाला पाहिजे. सासूबाईंना मात्र कोणी विचारीत नसे. "तुम्ही न्याल तिथे मी येईन," असे त्या म्हणत, आणि आम्ही ते खरे धरून चालत असू.

हा लेख त्या न विचारण्याबद्दल आहे. त्यातून आम्ही जो धडा घेतला, तो समुद्रकाठी चार दिवस घर भाड्याने घेऊन राहू इच्छिणाऱ्या कुठल्याही कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहीत आहे.

आम्ही पाच माणसे. हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागतात, आणि सासूबाईंना साडेअकराला लागणारा मऊ भात तिथे एक वाजेपर्यंत मिळत नाही. धाकटीला रात्री दूध लागते. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात आम्ही प्रथमच ठरवले, की कोकणात एक घरच घ्यावे. गावाचे नाव सांगत नाही. गावाचा त्यात काही दोष नाही. फोनवर फोटो पाहिले. लाल कौलांचा बंगला, पुढे गॅलरी, गॅलरीसमोर निळा समुद्र. खाली लिहिले होते, 'समुद्राला लागून.' मी मालकांना फोन करून शहाण्या गृहिणीसारखे सगळे विचारले. गरम पाणी चोवीस तास आहे का? वातानुकूलन आहे का? गाडी ठेवायला जागा आहे का? सगळ्याला 'हो' असे उत्तर आले, आणि सांगायला हवे की ते सगळे खरे होते.

फक्त बंगला होता कड्यावर. अंगणाच्या कडेपासून जांभ्या दगडाची पाखाडी खाली पुळणीपर्यंत उतरत होती. आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच फेरीत पायऱ्या मोजल्या, त्या चौऱ्याऐंशी भरल्या. कठडा नव्हता. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या काठी टेकीत तीन पायऱ्या उतरल्या, खाली पाहिले, आणि माघारी वळल्या.

"तुम्ही जाऊन या. मला इथून ऐकू येतो समुद्र."

चारही दिवस त्यांनी गॅलरीत बसून समुद्र ऐकला. तक्रारीचा एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी आमची पाच वर्षांची धाकटी पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून घेऊन आली. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आल्यामुळे तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आजी, पाय पुढे कर," म्हणाली, आणि ती बाटली तिने आजीच्या पावलांवर ओतली. सासूबाई हसल्या. त्यांनी तिला जवळ घेतले. मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात गेले.

सासूबाईंचे माहेर समुद्रकाठचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या डोंबिवलीला आल्या. पुढे माहेरचे घर आणि आगर विकले गेले, आणि तिकडे जाण्याचे कारणच उरले नाही. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही गरम पाण्याची चौकशी करणाऱ्या मला पायऱ्यांची चौकशी सुचली नव्हती.

आधी पाय, मग गाव

पुढच्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, विषय निघाला तेव्हा ह्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "या वेळी बेत उलटा करू. घरात सर्वांत सावकाश कोण चालतं, तिथून सुरुवात."

मग मी सासूबाईंना प्रथमच नीट विचारले, "आई, समुद्रावर गेल्यावर तुम्हाला काय काय करायचं आहे?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "ओल्या वाळूवरून चालायचं आहे," त्या म्हणाल्या. "कोरड्या वाळूत पाय रुततो, काठी रुतते. ओहोटीला वाळू फरशीसारखी घट्ट होते, तिच्यावरून मी चालेन."

एवढ्या एका वाक्याने आमचा निम्मा बेत ठरला.

पहिला प्रश्न गावाचा. कोकणचा किनारा नकाशात एक रेघ दिसत असला, तरी राहायला जाणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार आहेत. कुठे डोंगराचा कडा थेट समुद्रात उतरतो. तिथे देखावा अप्रतिम, पण घर वर आणि पाणी खाली. कुठे लांब, सपाट पुळण असते, तिच्यामागे नारळी-पोफळीची आगरे, आगरांत घरे आणि घरांपुढे रस्ता. आम्हाला हा दुसरा प्रकार हवा होता. गुहागर हे त्याचे अगदी नमुनेदार उदाहरण. गावाचा मुख्य रस्ता समुद्राला समांतर जातो. रस्त्याच्या पश्चिमेच्या घरांमागे आगर आणि आगरामागे थेट पुळण. पुळण चांगली पाच-सहा किलोमीटर लांब आहे, आणि काठाने सुरूची झाडे आहेत. व्याडेश्वराचे देऊळही भर गावात. चढ नाही, उतार नाही.

दुसरा प्रश्न घराचा. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते. फोनवर शोधताना मला एक सुंदर घर सापडले, आणि 'आजच अर्धी रक्कम भरल्यास सवलत' असा निरोपही लगोलग आला. मी पैसे भरणार, इतक्यात चिरंजीव म्हणाले, "आई, हेच घर मी मघाशी दुसऱ्या गावाच्या नावाखाली पाहिलं." पाहिले तर खरेच! तीच गॅलरी, तीच कुंडी, कुंडीतले जास्वंदीचे फूलसुद्धा तेच. तेव्हा आगाऊ पैसे मागण्याची घाई ज्याला असेल, त्याला आपण मुळीच घाई करू नये. घर पाहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून नंबर मिळवावा. पर्यटन संचालनालयाची 'निवास व न्याहारी' योजना आहे. तिच्यात नोंदलेले घर असेल तर नोंदणीचा दाखला पाहायला मागावा. आम्हाला ह्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडून गुहागरच्या एका काकूंचा नंबर मिळाला.

फोनवरून दोनशे दहा पावले

काकू साठीच्या पुढच्या. मुलगे पुण्याला. "घर बंद राहिलं की आधी कौलं गळतात, मग भिंती. म्हणून दोन खोल्या आणि मागचं स्वयंपाकघर पाहुण्यांना देते," असे त्यांनी सरळ सांगितले.

मी म्हटले, "काकू, एक विनंती आहे. राग मानू नका. व्हिडिओ लावून तुम्ही खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत चालत जाल का? मला वाट पाहायची आहे."

त्या मोठ्याने हसल्या. "अहो ताई, आजवर लोकांनी न्हाणीघर दाखवायला सांगितलं, गाद्या दाखवायला सांगितलं. वाट दाखवा म्हणणाऱ्या तुम्हीच!"

पण चालल्या. आम्ही पाचही जण टेबलाभोवती वाकून पाहत होतो आणि चिरंजीव पावले मोजत होते. पडवीतून मागल्या अंगणात उतरायला एकच पायरी. मग आगरातली पायवाट, दोन्ही बाजूंना पोफळी, मधे पाण्याचा पाट आणि त्याच्यावर टाकलेली फळी. "या फळीवर हात धरायला काही नाही," काकू स्वतःच म्हणाल्या, "पण गडी बांबू बांधून देईल." मग गडग्यातले फाटक, आणि पुढे पुळण. फाटकापर्यंत दोनशे दहा पावले झाली.

"आता ही कोरडी वाळू," काकू म्हणाल्या. "चाळीसेक पावलं असेल. तुमच्या सासूबाईंना इथेच जड जाईल."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "झापं आहेत का हो तुमच्याकडे?"

"नारळाची झापं ना? आहेत की. पडवीच्या सावलीला विणून ठेवली आहेत."

"दोन-दोन टाकून द्याल वाळूवर? आमच्याकडे बायंगी माणसं अशीच न्यायचे."

बायंगी म्हणजे काय ते मला कळले नाही. काकूंना मात्र बरोबर कळले. "टाकून देईन," त्या म्हणाल्या. त्यानंतर पाच मिनिटे त्या दोघीच बोलत होत्या, आणि फोन माझा होता हे दोघीही विसरल्या होत्या.

काकूंनीही आम्हाला प्रश्न विचारले, आणि विचारलेच पाहिजेत. आपण भाडे देतो म्हणून ते घर काही आपले होत नाही. घरात मासळी शिजवायची नाही. खायची असेल तर बाजारात खानावळी आहेत. विहिरीच्या कठड्यावर मुलांना बसवायचे नाही. आणि थंडीत रात्री पुळणीवर बॅटरी मारायची नाही, कारण ते कासवांच्या अंडी घालण्याचे दिवस. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येतात आणि उजेडाने बुजून परत फिरतात. सांगायची गंमत अशी, की आम्ही राहून आल्यावर महिना-दीड महिन्याने, २०२५ च्या जानेवारीत, गुहागरच्या पुळणीवर एक कासवी अंडी घालताना सापडली. तिच्या अंगावरचा बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. भारताच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला येऊन तिने जागा पसंत केली, तीही सपाट वाळूची! हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "तिलाही पायऱ्या नको असतील."

तिथीची पाऊणपट

आता तारीख. सगळे जग सुट्ट्या पाहून तारीख ठरवते. आम्ही तिथी पाहिली, आणि तीही सासूबाईंनी बोटांवर मोजून सांगितली.

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तितक्या वाजता सुमाराने भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात, म्हणून हीच वेळ थोड्या फरकाने दिवसाही धरायची आणि रात्रीही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही जवळपास तितकीच रोज पुढे जाते, त्यावर हा हिशेब बसवलेला आहे. अर्धापाऊण तास इकडे-तिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते असतात, आणि आता फोनवरही वेळा मिळतात. पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

आता पाहा. अष्टमीला गेलो असतो, तर ओहोटी भर दुपारी बाराला. वाळू घट्ट, पण डोक्यावर ऊन. शिवाय अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसे आत जात नाही. त्याला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. भरती मोठी, ओहोटीही मोठी, आणि ती साधारण सकाळ-संध्याकाळी. म्हणजे संध्याकाळच्या उन्हात रुंद, घट्ट, ओली वाळू. सासूबाईंनी कॅलेंडरावर बोट ठेवले. १३ डिसेंबर, शुक्रवार, त्रयोदशी, ओहोटी चारला. शनिवारी दत्तजयंती, पावणेपाचला. रविवारी पौर्णिमा, साडेपाचला. सोमवारी प्रतिपदा, सातला, पण तोवर आम्ही परतीच्या वाटेवर. मुलांच्या दोन दिवस शाळा बुडणार होत्या. मी स्वतः शिक्षिका असूनही ते पाप पत्करले. नाताळच्या आधीचे दिवस असल्याने भाडेही कमी पडले.

मात्र याच तिथीची दुसरी बाजू मातापित्यांनी ध्यानात ठेवावी. उधाणाच्या ओहोटीत पाणी जोराने आत ओढते. चालायला जी वेळ उत्तम, ती पोहायला वाईट. मुलांना आम्ही घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ दिले नाही. कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याची जागा आपण निवडू नये, तिथल्या माणसाला विचारावी. त्याने 'इथे नको' म्हटले, तर कारणही विचारीत बसू नये.

गाडी, पैसे आणि चिठ्ठी

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने चिपळूण, आणि तिथून गाडीने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. सासूबाईंसाठी खालची जागा हवी म्हणून आरक्षण वेळेवर केले. आता रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. तेव्हा बेत आधी ठरला तरी तिकिटाची तारीख कॅलेंडरावर वेगळी लिहून ठेवावी. एस.टी.ही चिपळूणहून मिळते, पण गुडघ्याचा विचार करून आम्ही स्टेशनवर गाडी बोलावली, आणि तिच्या भाड्याची तजवीज काकूंनीच केली.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून रोजचे चार हजार रुपये ठरले, जेवण वेगळे. आगाऊ दोन हजार. जे ठरले ते सगळे मी काकूंना व्हॉट्सॲपवर ओळीने लिहून पाठवले: येण्या-जाण्याची वेळ, माणसे किती, काय शिजवायचे, काय नाही, बेत मोडल्यास आगाऊ रकमेचे काय. काकूंचे उत्तर आले, "सर्व कबूल. झापं काढून ठेवली." लिहिलेले असले म्हणजे ऐनवेळी कुणालाच 'मी तसं म्हटलं नव्हतं' म्हणावे लागत नाही, आणि गोडीही टिकते.

सामानात मी तीन गोष्टी आठवणीने घेतल्या: काठीच्या टोकाला बसवायचे नवे रबरी बूच, न्हाणीघरात पसरायची न घसरणारी चटई, आणि एक लहान स्टूल. मुलांनी चार पोहण्याचे पोशाख घेतले. ह्यांनी तीन पुस्तके घेतली आणि एकही उघडले नाही.

शनिवारची संध्याकाळ

शुक्रवारी पोचायला दोन वाजले. सासूबाई प्रवासाने थकल्या होत्या. "आज नको, उद्या," म्हणाल्या. माझ्या पोटात गोळा आला. मागच्या वेळीही पहिल्या दिवशी त्या असेच म्हणाल्या होत्या.

शनिवारी सकाळी साडेदहाची भरती आम्ही हेदवीला गाठली. तिथे कातळातली बामणघळ आहे. त्या अरुंद चिरेत लाटा शिरतात आणि पाणी उंच उसळते. भरती नसेल तर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. तिथीचा हिशेब इथेही उपयोगी पडला. कातळावरून जायचे म्हणून सासूबाई उमामहेश्वराच्या देवळात थांबल्या. "हे तुमचं," त्या म्हणाल्या, "माझं संध्याकाळी."

साडेचार वाजता त्यांनी स्वतःच काठी हातात घेतली. पायरी. पायवाट. फळीला खरोखरच बांबू बांधला होता. फाटक उघडले, तर कोरड्या वाळूवर झापांची वाट पसरलेली, आणि तिच्या शेवटी काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. सासूबाईंनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. झाप संपून ओली वाळू लागली, तेव्हा त्यांनी तो काढून घेतला. पाणी दूरवर गेले होते, वाळू खरोखरच फरशीसारखी होती, आणि काठीची नुसती खूण उमटत होती. त्या एकट्या चालत गेल्या. मी मागे राहिले. धाकटी धावत पुढे जाणार होती, ह्यांनी तिला धरले.

पाण्याशी पोचल्यावर त्यांनी लुगडे जरा वर धरले. एक लाट आली, घोट्यापर्यंत आली आणि गेली. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग मागे वळून त्यांनी धाकटीला हाक मारली.

"तू आणलेला समुद्र कोमट झाला होता ग, बाळ. खरा हा असा गार असतो. ये, बघ."

परत येताना त्या झापांवर मधेच थांबल्या. दमल्या असतील म्हणून मी स्टूल पुढे केले. त्यांनी ते बाजूला सारले आणि बोटे मोजू लागल्या.

"माघातली पौर्णिमा बुधवारी येते," त्या म्हणाल्या. "तुला रजा मिळेल का?"